गिरणगावातल्या एका खोलीचे फोटो : कामाच्या नोंदी

मुंबईच्या गिरणगावात, ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीतली आमची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करून द्यायची होती. १६० चौरस फूट, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला संडास. पणजोबांपासून चार पिढ्या त्या खोलीत राहिल्या. सामान हलवताना घरातले सगळे जुने फोटो पहिल्यांदा एका जागी आले. ते नीट करायचे, स्कॅन करायचे, कोण कुठला ते लिहून ठेवायचं, असं मी ठरवलं. बहुतेक शनिवार-रविवारी केलेल्या त्या कामाच्या या नोंदी आहेत. तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर निदान मी केलेल्या चुका तुम्हाला टाळता येतील.

३ नोव्हेंबर

माळा उतरवला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ११५ सुटे फोटो, प्लास्टिकच्या पानांच्या अल्बममध्ये ९६, भिंतीवरच्या फ्रेमा ३. एकूण २१४. डब्याच्या तळाशी कागदी पाकिटात निगेटिव्हचे तुकडे. ते काका टाकूनच देत होते, "फोटो आहेत ना, मग ह्या काय करायच्या?" म्हणून. मी पाकीट पिशवीत टाकलं, पण पुढचे तीन महिने उघडून बघितलं नाही.

त्याच दिवशी माळ्यावरची पितळी भांडी मोडीत दिली. डोंबिवलीच्या घरात ठेवायला जागा नव्हती. ११ किलो भरली, ४५० रुपये किलोने ४,९५० रुपये आले. त्यात एक कानांचा मोठा टोप होता, दोघांनी धरून उतरवावा लागला एवढा. त्याचा फोटो काढून ठेवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

८ नोव्हेंबर

पहिली मोठी चूक. घडलं तसं लिहिते.

पणजोबांचा एकच फोटो आहे, परळच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कुंड्या. पणजोबांच्या अंगात काळा कोट, हात खुर्चीच्या पाठीवर, आणि खाली पाय अनवाणी. कोट स्टुडिओचा. तेव्हा फोटोवाल्याकडे कोट आणि टोपी ठेवलेली असायची, येणारा माणूस घालून उभा राहायचा आणि काढून ठेवून जायचा. कोट मागून पिना लावून घट्ट केला होता, असं आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगायचे. चपला मात्र स्टुडिओत नसाव्यात.

फोटो काचेला चिकटला होता. कितीतरी पावसाळे त्या भिंतीला ओल येत होती. एक कोपरा सुटा दिसला म्हणून मी तिथून पातळ सुरी घातली आणि हळूच ओढलं. वरचा भाग सुटला. खालून दोन बोटं रुंदीचा पापुद्रा काचेवर राहिला आणि हातात कोरा कागद आला. गेले ते नेमके पाय.

नंतर फोटो दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या माणसाला विचारलं. काचेला चिकटलेला फोटो आधी काचेतूनच टिपायचा, सोडवायचा विचार नंतर. खोलीत अंधार करायचा, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरायचं म्हणजे आपलंच प्रतिबिंब काचेत येत नाही, आणि उजेड एका बाजूने तिरका द्यायचा. ही प्रत हातात आल्यावर मग पाण्यात भिजवून सोडवायचा प्रयत्न करायचा की नाही ते ठरवायचं, तेही जाणकाराच्या हातून. मी उलटं केलं. सुरी लावण्याआधी मोबाइलवर सहज काढलेला एक फोटो आहे, ट्यूबलाइटची पट्टी मधोमध आलेला. त्यात उजवं पाऊल दिसतं. डावं आता कुठेच नाही.

काचेवरचा पापुद्रा पुसू नका. मी काच तशीच पुठ्ठ्यांत बांधून ठेवली आहे. उरलेल्या दोन फ्रेमा उघडल्या नाहीत, काचेतूनच टिपल्या.

१६ नोव्हेंबर

साधा सपाट काचेचा स्कॅनर घेतला, ६,२०० रुपये. पहिल्या दिवशी खुशीत ६० फोटो ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, करून टाकले. संध्याकाळी पडद्यावर मोठे करून बघितले तर मागे उभ्या माणसांचे चेहरे फुटत होते. ग्रुप फोटोत एकेक चेहरा चण्याएवढा असतो, त्याला ३०० पुरत नाही. सगळे ६० पुन्हा ६०० वर केले. एक रविवार गेला.

दुसरी अडचण या स्वस्त, पातळ स्कॅनरची. काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट येतं, जरा वर उचललेलं धूसर. जुने कृष्णधवल फोटो वळून पन्हाळीसारखे झालेले असतात. झाकण दाबून सपाट करायला गेले तर एकाला मधोमध बारीक तडा गेला. मग ते फोटो स्वच्छ कागदांच्या मध्ये, जड पुस्तकांखाली दोन आठवडे ठेवले. बहुतेक बसले. न बसलेले नऊ, वरून कॅमेऱ्याने टिपले.

मूळ स्कॅन टिफ प्रकारच्या फायलीत ठेवायचा आणि त्याला हात लावायचा नाही. पाठवायला, छापायला जेपेगची वेगळी प्रत. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची. स्टुडिओचा शिक्का, कुणाचं तरी अर्धवट नाव, हिशेबाचे आकडे मागेच असतात. मी सुरुवातीला मागची बाजू सोडली होती, ती नंतर केली. आणखी एक संध्याकाळ.

फायलींना नावं देताना आधी "आबा लग्न", "काका लहान" असं लिहीत गेले. शंभराच्या पुढे गेल्यावर काही सापडेना. आता प्रत्येक फोटोला एकच क्रमांक, तोच पाकिटावर, तोच फायलीला, तोच वहीत.

२३ नोव्हेंबर

चिकट पानांचा अल्बम. पानाला आडव्या रेघांत डिंक आणि वर प्लास्टिकचा कागद. ऐंशीच्या दशकात घराघरांत आले होते हे अल्बम. तो डिंक पिवळा होऊन फोटोच्या अंगात शिरतो. सुरीचा अनुभव ताजा होता, म्हणून इथे आधी प्रत्येक पान आहे तसं टिपलं. मग मेण नसलेला डेंटल फ्लॉस घेतला, १८० रुपये. दोन्ही हातांत ताणून फोटो आणि पान यांच्या मधून करवतीसारखा सावकाश फिरवायचा. एका फोटोला तीन ते पाच मिनिटं लागतात. ९६ पैकी ९१ अख्खे निघाले, पाच पानासकट कापून ठेवले.

आणखी दोन गोष्टी याच आठवड्यातल्या. डब्यात डांबरगोळ्या होत्या, त्या काढल्या. फोटोंना त्या चांगल्या नाहीत. आणि काकांनी मदत म्हणून वीसेक फोटोंच्या मागे बॉलपेनने नावं लिहिली. पुढच्या बाजूला अक्षरांचे वळ उमटले, आणि एकावर एक ठेवल्यामुळे शाई खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर उतरली. मऊ पेन्सिल वापरायची, फोटो कडक पाटीवर उलटा ठेवायचा, अक्षर कडेला. काकांना काही बोलले नाही. त्यांना नावं आठवतायत हेच मोठं आहे.

३० नोव्हेंबर

आबांचा गिरणीतला फोटो सापडला, असं आज वाटलं.

आबा १९५८ साली परळच्या गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, भरलेल्या बॉबिना काढणारा डॉफर म्हणून चिकटले, पुढे यंत्राची बाजू सांभाळणारे सायडर झाले. कापड विणायचं साळखातं नाही, रिंगखातं. त्यालाही इतिहास आहे. साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यायचा, म्हणून उष्ट्याचं कारण सांगून आमच्या लोकांना साळखात्यात घेत नसत, आणि पगार साळखात्यातच जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हीच गोष्ट संपवाल्या पुढाऱ्यांपुढे लावून धरली होती. आबा लागले तेव्हा असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. तरी गावचा माणूस गावच्या माणसाला लावून घ्यायचा, आणि आमच्या गावची माणसं रिंगखात्यातच होती.

डब्यात एक मोठा ग्रुप फोटो निघाला. यंत्रांपुढे २३ माणसं, यंत्रांना झेंडूच्या माळा, नारळ, कपाळाला टिळे. दसऱ्याची पूजा. काकांनी डावीकडून तिसऱ्यावर बोट ठेवलं, "हे आबा." मलाही पटलं, कपाळ तसंच वाटलं. लगेच १२ बाय १८ ची मोठी प्रत काढली, खाली नाव आणि "गिरणीत, दसरा" असं छापून फ्रेम केली. १,८५० रुपये. आत्याला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "असतील बाई." तिथेच मी थांबायला हवं होतं.

६ डिसेंबर

आज काम करायचं नव्हतं. चैत्यभूमीला जायचं होतं. पण गावच्या मुंबई मंडळाची माणसं दरवर्षी शिवाजी पार्कवर ठरलेल्या जागी भेटतात, म्हणून बारा फोटोंच्या मोठ्या प्रती पिशवीत घेतल्या. खेड तालुक्यातून रात्रीच्या गाडीने आलेली, विरारहून, कल्याणहून आलेली म्हातारी माणसं एका ठिकाणी मिळण्याचा हा एकच दिवस.

आबांबरोबर रिंगखात्यात होते ते एक बाबा भेटले. वय ८६, ऐकू कमी येतं. जयभीम केला, दसऱ्याचा फोटो पुढे धरला आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, यात आबा कुठले?" त्यांनी चष्मा वर केला, सगळ्या ओळींवरून बोट फिरवलं.

"यात तुझा आबा नाही पोरी."

मी डावीकडून तिसरा दाखवला.

"तो जॉबर, खात्यातला मुकादम. तुझा आबा दसऱ्याला कधीच नसायचा. आम्ही कोणच नसायचो. धम्म घेतला ना आपण. दसऱ्याला पांढरे कपडे घालून विहारात. पूजेचा फोटो काढून झाला की खात्यात सगळ्यांना एकेक कॉपी द्यायचे, ती आणली असंल त्यानं घरी."

१४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली. दोनच महिन्यांत ते गेले. ७ डिसेंबरला दादरच्या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा पणजोबा आणि आबा दोघं तिथे होते, आणि लाखोंबरोबर त्यांनी तिथेच धम्म स्वीकारला. त्यानंतर आमच्या घरात दसरा आला तो धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणून. हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी कपाळाला टिळा लावलेला माणूस मी आबा म्हणून फ्रेम केला.

घरी येऊन सगळे फोटो पुन्हा या नजरेने पाहिले. गिरणीच्या आतला हा एकच, आणि तो यंत्रं बंद असतानाचा. बाकी लग्नं, बारशी, १४ एप्रिलच्या मिरवणुका, गावाला शेताच्या बांधावर, राणीच्या बागेत. पाळीवर काम करताना कुणीच नाही. कॅमेरा यायचा तो सुट्टीच्या दिवशी, आणि गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी आबा तिथे नसायचे.

दसऱ्याचा फोटो काढून टाकलेला नाही. वहीत आता असं आहे: "आबांनी घरी आणलेला. आबा यात नाहीत, कारण—" आणि पुढे बाबांचं बोलणं जसंच्या तसं.

माणसांना फोटो दाखवताना कळलेलं: मोबाइलवर दाखवू नका. म्हाताऱ्या माणसांना बोट ठेवायला कागद लागतो. ए-फोर आकाराच्या प्रती काढल्या, १४ प्रती, ६० रुपये एक. आणि चारचौघांत विचारू नका. जो मोठ्याने बोलतो त्याचंच खरं ठरतं. एकेकट्याला विचारायचं, आधी नाव सुचवायचं नाही.

२१ डिसेंबर

पुसट फोटो मोबाइलवर "नवा" करून देणारं एक अ‍ॅप एका महिन्यासाठी घेतलं, ४९९ रुपये. आबा-बयचा लग्नातला फोटो घातला. दोन मिनिटांत रंगीत, लख्ख. बय म्हणजे माझी आजी, सगळं घर तिला बयच म्हणायचं. आत्याला पाठवला. तिचा फोन आला, "हा कोण ग?"

आबांच्या गालांवर देवीचे व्रण होते. अ‍ॅपने ते डाग समजून साफ केले. नाक जरा सरळ केलं. बयच्या साडीला गुलाबी रंग दिला. आत्या म्हणते लग्नातली साडी हिरवी होती, गोधडीत तिचा तुकडा तिने स्वतः शिवला होता. ही प्रत मी कुठेच ठेवलेली नाही. पुढे पन्नास वर्षांनी कुणाला तीच खरी वाटायची. फोटोवरची धूळ आणि ओरखडे हाताने, एकेक करून काढले, चेहऱ्याला हात लावला नाही. एका फोटोला तास-दीड तास. असे सहाच केले.

१८ जानेवारी

तारखेप्रमाणे सगळे फोटो जमिनीवर मांडले. १९८१ च्या हिवाळ्यातला एक, मंडळाच्या सहलीचा. त्याच्या पुढचा थेट १९८७, आत्याच्या लग्नाचा, रंगीत, आता तांबूस झालेला. मध्ये काही नाही. मला वाटलं एखादा अल्बम हरवला. दोन आठवडे नातेवाइकांना फोन करत बसले, नालासोपाऱ्याला जाऊन एका चुलत आजीचा माळाही बघून आले. कुणाकडेच नाही.

आज तारीख लिहिताना लक्षात आलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. तो मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही. आमच्या घरातही तो कधी संपला ते कुणाला सांगता येत नाही. आबांना परत घेतलं नाही. आत्या सांगते, पहिले दोन महिने बरे गेले, सगळे म्हणायचे मिटेल. शिमग्याला खानावळीतली माणसं गावाला गेली ती परत आली नाहीत. चौदा माणसं जेवायला होती, पावसाळ्यापर्यंत दोन राहिली. खानावळ बयची होती, आणि तिच्यावर घर चालत होतं. मग बय धुणीभांडी करायला दादरला जाऊ लागली. आबा गावाला जाऊन येऊन करायचे. माझे वडील कॉलेज सोडून एका कारखान्यात लागले.

त्या सहा वर्षांचे फोटो नाहीत, कागद आहेत. ते मी सोडून दिले होते, कारण मी "फोटोंचं" काम करत होते. आता तेही त्याच ६०० वर स्कॅन केले: प्रॉव्हिडंट फंडाची पावती, विम्याचं कार्ड, रेशनकार्ड, सराफाच्या दुकानातल्या तीन गहाणपावत्या. पहिली मार्च १९८२ ची, डोरलं. दुसरी जूनची, आत्याच्या कानातलं. तिसरीवरचं अक्षर लागत नाही. गहाणपावत्यांना फोटोंच्या रांगेतच क्रमांक दिले, त्यांच्या तारखेच्या जागी.

इथे एक जुनी चूकही नोंदवते. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज करायचा होता, तेव्हा १ जानेवारी १९८२ ला आबा कामावर होते हे दाखवणारे कागद जमवले होते. "खराब होऊ नये" म्हणून भावाने आबांचा गिरणीचा पास लॅमिनेट करून आणला. पासावर आबांचा तिशीतला फोटो होता. गरम रोलरखाली तो वितळल्यासारखा झाला, आता अर्ध्या चेहऱ्यावर बुडबुडे आहेत. आणि लॅमिनेशन उलटवता येत नाही. जुना कागद, जुना फोटो कधीच लॅमिनेट करू नका. पारदर्शक पाकिटात घाला, बस.

१ फेब्रुवारी

शेवटी निगेटिव्हचं पाकीट उघडलं. १२० नंबरच्या जुन्या रुंद रोलच्या चौकोनी निगेटिव्ह, सात पट्ट्या तीन-तीनच्या आणि एक सुटी, एकूण २२. आत्या म्हणाली, खानावळीत एक माणूस होता, त्याच्याकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलमध्ये बारा फोटो. तोच कधी कधी काढायचा.

माझ्या स्कॅनरमध्ये निगेटिव्ह होत नाही, मागून उजेड लागतो. टॅबवर कोरं पांढरं पान लावून त्यावर निगेटिव्ह ठेवली आणि वरून टिपली. पडद्याची जाळी उमटली. मग टॅब आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर ठेवलं: दोन पुस्तकं, त्यांवर काच, काचेवर काळ्या पुठ्ठ्याची चौकट. जाळी गेली. खोलीतला दिवा बंद. मग संगणकावर उलटं करून काळ्याचं पांढरं. हातात सुती मोजे घाला, बोटाचा ठसा निगेटिव्हवर कायमचा बसतो.

अकरावी निगेटिव्ह ओळखीची वाटली. काका दीड-दोन वर्षांचे, नवा झबला-चड्डी, दाराच्या चौकटीत उभे. हा फोटो अल्बममध्ये आहे, उभा, फक्त काका. स्टुडिओवाल्याने चौकोनातला मधला भाग तेवढा छापला होता. निगेटिव्हमध्ये दोन्ही बाजूंना आणखी खोली होती. उजवीकडे दाराजवळची भिंत, त्यावर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली कॅलेंडर. डावीकडे बराचसा अंधार, आणि त्या अंधारात कुणीतरी बसलेलं.

उजेड दाराशीच होता, त्यामुळे आतला भाग निगेटिव्हवर जवळजवळ कोरा. टॅबचा उजेड कमी-जास्त करून तीच निगेटिव्ह पाच वेळा टिपली आणि कोऱ्या भागासाठी सगळ्यात गडद आलेली प्रत घेतली. रात्री एक वाजता पडद्यावर हात दिसले. परातीत थापलेली भाकरी, तिच्यावर उलटे पसरलेले दोन पंजे. मग कोपरापर्यंत बांगड्या नसलेले हात, नऊवारीचा ओचा, खाली वाकलेलं कपाळ. शेजारी स्टोव्ह. मागे कानांचा मोठा टोप, त्यावर झाकण म्हणून ताट. बय कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. ती या फोटोत आहे हे तिला माहीतही नसेल.

८ फेब्रुवारी

साल शोधलं. कॅलेंडरवरचे आकडे वाचता येत नाहीत, पण चौकटी मोजता येतात. एका ओळीत सात घरं, चार ओळी पूर्ण भरलेल्या, पाचव्या ओळीत पहिल्याच घरात एकटा आकडा. पुढे कोरं. म्हणजे महिना २९ दिवसांचा, आणि पहिल्या घरापासून सुरू झालेला. पहिला उभा रकाना इतरांपेक्षा फिकट आहे, म्हणजे लाल शाईचा, रविवारचा. रविवारी सुरू होणारा २९ दिवसांचा फेब्रुवारी २८ वर्षांतून एकदा येतो: १९४८, १९७६, २००४. काकांचा जन्म १९७४ चा. म्हणून फेब्रुवारी १९७६. पान उलटायचं राहिलं असेल तर मार्चचे पहिले दिवस, एवढी सूट ठेवली.

घरात सगळे हा फोटो १९७८-७९ चा म्हणत होते. माणसांची आठवण साल सांगायला कच्ची असते, पण भिंत साल सांगते. फोटोत कॅलेंडर, घड्याळ, सिनेमाची जाहिरात, दुकानाची पाटी, काहीही असेल तर माणसांच्या आधी ते मोठं करून बघा.

संध्याकाळी आत्याकडे प्रत घेऊन गेले. काही सांगितलं नाही, हातात दिली. तिने काकांकडे बघितलंच नाही. "बय," एवढंच म्हणाली. मग पदराने फोटोची कडा धरून खिडकीशी गेली.

"दुसऱ्या पाळीचं जेवण आहे हे."

कशावरून, विचारलं.

"गॅलरीतनं ऊन इथवर अकरा-साडेअकराला यायचं. दुसरी पाळी साडेतीनची, त्यांची जेवणं बारापासून बसायची. पहिल्या पाळीच्या भाकऱ्या पहाटे चारला, तेव्हा काळोख असायचा. हा डाळीचा टोप. चौदा माणसांची डाळ. मी आणि दादा कान धरून उतरवायचो, बय म्हणायची, पाय सांभाळा." मग विचारलं, "टोप कुठाय ग आता?"

मी सांगितलं. आत्या काही बोलली नाही. मोडवाल्याकडे दुसऱ्या दिवशी गेले, पण तीन महिने झाले होते, माल केव्हाच भट्टीला गेला होता.

भांडी, पाटा-वरवंटा, ट्रंक, जातं, काहीही घराबाहेर काढण्याआधी त्यांचेही फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून मापासकट. आणि सगळ्या निगेटिव्ह बघून होईपर्यंत काही मोडीत देऊ नका. मी हे काम अगदी उलट्या क्रमाने केलं.

२२ फेब्रुवारी

हिशेब: स्कॅनर ६,२००. हार्ड डिस्क ४,३००. दोन पेन ड्राइव्ह ९००. दाखवायच्या प्रती ८४०. आम्लरहित कागदाची पाकिटं १,१५०. फ्लॉस १८०. दसऱ्याची फ्रेम १,८५० आणि अ‍ॅप ४९९, हे दोन्ही वाया. बयच्या फोटोच्या तीन प्रती ७५०. एकूण १६,६६९ रुपये. वेळ अंदाजे सतरा सुट्ट्यांचे दिवस, त्यातले पाच चुका निस्तरण्यात. सगळ्या फायली तीन ठिकाणी आहेत: माझ्याकडे, भावाकडे, आणि एक पेन ड्राइव्ह गावाला.

२१४ फोटोंपैकी १३१ मधली सगळी माणसं ओळखली. ८३ अजून अर्धी आहेत. मे महिन्यात गावाला जाऊन त्यांच्या प्रती दाखवायच्या आहेत. पणजोबा मुंबईला आले ते बोटीने. गावाहून चालत, मग खाडीने मचव्यातून दाभोळला, तिथून बोट. त्या वाटेवरच्या एका घरात त्यांच्या भावाची माणसं आहेत, त्यांच्याकडे याच स्टुडिओतला आणखी एक फोटो असल्याचं कानावर आलंय. असेल तर आधी काचेतून टिपणार.

बयच्या फोटोच्या मागे आज लिहिलं. आत्याने पेन्सिल माझ्या हातातून घेतली. तिचं शिक्षण सातवीपर्यंतचं, अक्षर मोठं आणि सुटं. माझ्या ओळीखाली तिने आपली ओळ लिहिली:

"क्र. २१५. खोलीत. फेब्रुवारी १९७६, किंवा मार्चची सुरुवात. दारात : काका. फोटो काढणारा : खानावळीतला, नाव आठवत नाही.

डावीकडे बय. चौदा माणसांचं जेवण. अजून डाळीला फोडणी द्यायची आहे."